शेजाऱ्याला आधी विचारायचं असतं

आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात आजवर डॉक्टरांनी लिहिलं, वकिलांनी लिहिलं, सिकंदराबादच्या रेल्वेतल्या साहेबांनी लिहिलं, आणि मराठी शाळेच्या निवृत्त बाई तर न सांगताही लिहितात. या वर्षी संपादकांनी मला फोन केला. मी म्हटलं, "अहो, मी दलाल आहे." ते म्हणाले, "छे छे, आपण इस्टेट एजंट म्हणू या." मला भरून आलं. मग त्यांनी हळूच विचारलं, की तुमच्या ओळखीचा एखादा बिल्डर मागच्या पानावर जाहिरात देईल का. साहित्यात माझा प्रवेश कोणत्या दारानं झाला, ते तेव्हा समजलं.

तर मी घरं विकली. स्वतःची नाही, लोकांची. स्वतःचं एकच आहे, त्याची गोष्ट पुढे येईल.

बाहेरच्यांना वाटतं, दलाल काही करत नाही; दार उघडतो, पंखा लावून दाखवतो आणि पैसे घेतो. हे खोटं आहे. पंखा लावायच्या आधी तो वीज आहे का ते बघतो. जुन्या शहरातलं घर दाखवायचं ते नळाला पाणी येण्याच्या दिवशी, सकाळी, गल्लीत हातगाड्या उभ्या राहायच्या आत. गिऱ्हाईक आणायचं ते मोठ्या रस्त्यानं. मोरीच्या बाजूनं आणलं की अर्धा सौदा तिथेच वाहून जातो. मालकाला सांगून ठेवायचं की आज मासे करू नका आणि सुनेशी भांडू नका. एवढी व्यवस्था केली की कुठल्याही घरात सुख नांदत असल्याचं दिसतं. गिऱ्हाईक घर विकत घेत नाही, ती सकाळ विकत घेतं.

नव्वदच्या आसपासचे ते दिवस. देशानं बाजार खुला केला आणि आमच्या शहरानं ईशान्य कोपरा. चांगले शिकलेले, बँकेत हुद्द्यावर असलेले लोक घर बघायचे, भिंतीवरून हात फिरवायचे, समाधानानं मान डोलवायचे आणि मग खिशातून होकायंत्र काढायचे. जिना चुकीच्या दिशेला निघाला की तोंड उतरायचं. त्यासाठी मी एक वास्तुपंडित ओळखीत ठेवला होता. ते तेलुगूत इतकं गंभीर बोलत की जिनासुद्धा शरमेनं बाजूला सरकेल असं वाटे. प्रत्येक दोषावर त्यांच्याकडे उपाय होता, आणि प्रत्येक उपायात माझा सौदा टिकत होता.

त्याच काळात कुकटपल्लीकडे एका बिल्डरनं घरांची एक लांब रांग उभी केली. एकाला एक चिकटलेली, दोन मजली, पुढे हातरुमालाएवढं गवत. गुळगुळीत कागदाच्या माहितीपत्रकावर छापलं होतं, 'टाउनहाऊस'. त्यात हाऊस होतं. टाउन अजून यायचं होतं. आजूबाजूला खडक, म्हशी, आणि कारखान्याचा भोंगा. बिल्डरच्या माणसानं आम्हा एजंटांना चहा पाजून शिकवलं, की भिंत दोघांत एक आहे हे सांगायचं नाही, 'इंडिपेंडंट हाऊस' म्हणायचं. आम्ही म्हणू लागलो. शेजारच्याच्या ठसक्याचा आवाज येत असताना स्वातंत्र्य विकणं ही कला आहे, आणि ती मला साधली होती.

माझी खरी हुशारी मात्र दुसरीच होती. अफझलगंजच्या मागच्या गल्ल्यांत खांद्याला खांदा लावून उभी असलेली जुनी घरं होती. खरं तर टाउनहाऊस म्हणायचं तर तीच. शहराच्या पोटात, अरुंद, आणि दोन घरांत एकच भिंत. मी ती घरं व्यापाऱ्यांना दुकान-गोदामासाठी विकायचो आणि त्यांच्या मालकांना कुकटपल्लीच्या रांगेत नेऊन बसवायचो. एका कुटुंबाला एका भिंतीपासून सोडवायचं, दुसऱ्या भिंतीला चिकटवायचं आणि दोन्हीकडून दलाली घ्यायची. बिल्डर मला 'प्रगतिशील एजंट' म्हणत.

या धंद्यात मला एकाच गोष्टीची भीती वाटायची, ती म्हणजे शेजारी.

आमच्या जुन्या शहरात रिवाज होता की घर विकायचं ठरलं, तर बाहेर बोभाटा व्हायच्या आत शेजाऱ्याला विचारायचं. कारण भिंत एक. त्या भिंतीपलीकडे कोण येणार, यावर त्याचा पहिला हक्क. जुन्या राजवटीत म्हणे त्यावर दावेसुद्धा चालत. आमच्या काळात कायदा त्याला विचारत नाही असं वकील सांगत. गल्ली मात्र विचारत होती. मालकानं स्वतः जायचं, नाहीतर आपलं माणूस पाठवायचं. सोबत मिठाई न्यायची, बसायचं आणि म्हणायचं, घर काढतो आहे, तुम्हाला हवं का? त्यानं नको म्हटलं की मोकळं व्हायचं. न विचारता विकलं तर तो गुन्हा नव्हता. फक्त नंतर तो शेजारी तुमच्या मयतीला आला तरी मागच्या रांगेत उभा राहायचा.

आता शेजाऱ्यानं हवं म्हटलं तर दलालाचं काय? दोघं ओट्यावर बसून आपसात ठरवतात आणि दलालाला चहा देतात. म्हणून मी विचारण्याच्या काही पद्धती बसवल्या होत्या, अशा की समोरच्याच्या तोंडून 'नको'च यावं. शेजारी नमाजाला किंवा लग्नाला निघालेला असताना उंबऱ्यात गाठून विचारायचं. नाहीतर किंमत अशी सांगायची की त्याला हसू यावं. नाहीतर म्हणायचं, "बयाणा झालाच आहे, पण तुमच्या कानावर घालावं म्हटलं." रिवाज पाळला जायचा आणि दलालीही वाचायची. मी परंपरेचा किती मान राखत होतो, हे तुमच्या लक्षात येईल.

वसंतराव हिप्परगेकर हे माझ्या वडिलांचे स्नेही. कोर्टात पेशकार होते, निवृत्त झाले होते. उर्दू त्यांची मराठीपेक्षा चांगली, आणि दोन्हीत ते कमीच बोलत. अफझलगंजच्या गल्लीत त्यांचं घर. पलीकडे हमीद साहेब, घड्याळं दुरुस्त करणारे. दोघांच्या मधल्या भिंतीत, अंगणाच्या बाजूला, एक बुटकं दार होतं. वाकून जावं लागे. त्यातून कमलाकाकूंची पुरणपोळी तिकडे जायची आणि तिकडून शेवया इकडे यायच्या. दोघं म्हातारे संध्याकाळी त्या दाराच्या अलीकडे-पलीकडे एकेक स्टूल टाकून बसत, जणू सरहद्दीवरची दोन देशांची चौकी. तासभर बसत आणि दहा-बारा वाक्यं बोलत. मला ते लहानपणापासून माहीत होतं. तरी मी तिथे गिऱ्हाईक लावलं. उलट, माहीत होतं म्हणूनच आत शिरता आलं.

काकांचे गुडघे गेले होते आणि मुलगा कुकटपल्लीच्या बाजूला नोकरीला लागला होता. घर विकायचं ठरलं. टाइल्स आणि नळसामानाचा एक व्यापारी तयार बसला होता, त्याला दुकान काढायचं होतं. कुकटपल्लीच्या रांगेतलं एक टाउनहाऊस काकूंना दाखवून झालं होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीचं कौतुक केलं आणि अंगण कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, "काकू, इंडिपेंडंट आहे."

मग एका सकाळी काकांनी मला बोलावलं. बालूशाहीचा पुडा हातात दिला आणि म्हणाले, "माधव, हमीद भाईंना विचारून ये. माझे गुडघे चालत नाहीत."

मधलं दार चार पावलांवर होतं. पण मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला फक्त संधी दिसली.

मी दारातून वाकून गेलो. हमीद साहेब डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसले होते. मला बघून भिंग काढलं, चहा सांगितला. मुलीच्या लग्नाचं जमत आलं आहे म्हणाले. मग त्यांनी स्वतःच विषय काढला. "माधव मियाँ, वसंतराव आजकल कुच परेशान दिखते. क्या बात है?"

इतका सरळ रस्ता मला आयुष्यात कुणी करून दिला नसेल. एक वाक्य बोलायचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हा माणूस हो म्हणेल. त्या दारासाठी म्हणेल. घर त्याला हवं असेल की नसेल, भिंत त्याला हवी आहे. आणि मग टाइल्सवाला गेला, कुकटपल्ली गेलं, सगळंच गेलं. माझ्या ठेवणीतल्या पद्धतींपैकी एकही वापरायचं धाडस झालं नाही. मी म्हटलं, "घुटनों का दर्द है, साहब." बालूशाहीचा पुडा ठेवला आणि चहा संपवून परत आलो.

काकांना सांगितलं, "नको म्हणाले. खुशाल विका म्हणाले."

काकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं." आणखी एक शब्दही विचारला नाही. हमीद भाईंचा चेहरा कसा होता, काय बोलले, काही नाही. मला वाटलं, माझ्यावर केवढा विश्वास आहे या माणसाचा.

हमीद साहेबांना घर विकल्याचं कळलं ते गवंड्यांकडून. टाइल्सवाल्यानं, काका अजून घरात असतानाच, पहिलं काम काय केलं, तर ते बुटकं दार विटांनी बुजवायला घेतलं. हमीद साहेबांनी पलीकडून विचारलं, कैकू बंद कर रहे. गवंड्यानं सांगितलं, नवीन मालकाचा हुकूम. त्या संध्याकाळपासून त्यांच्या बाजूचं स्टूल आत गेलं. काकांचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा हमीद साहेब दुकानात होते, आणि सामान चढून झालं तरी दुकानातच राहिले. काकू मागे वळून वळून बघत होत्या. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, सरळ समोर बघत.

मी दोन्हीकडून दलाली घेतली.

यानंतर मी पुष्कळ वर्षं चांगला जगलो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पश्चात्ताप माणसाला लगेच होत असता तर आमच्या धंद्यात एकही माणूस टिकला नसता. स्कूटरची मोटार झाली. कुकटपल्लीत खरंच टाउन आलं, म्हशी गेल्या, आणि बिल्डरचं माहितीपत्रक खरं ठरलं. मला तर आपण द्रष्टे असल्यासारखं वाटू लागलं होतं.

मग माझ्याच शेजाऱ्यानं घर विकलं. बरकतपुऱ्याला माझ्या घराला लागून त्यांचं घर. एका सकाळी सिमेंट कालवायच्या यंत्राचा आवाज आला म्हणून बाहेर गेलो, तर घर अर्धं पाडलेलं. मला न विचारता विकलं. त्यातून दुसऱ्या एजंटाकडून विकलं. दोन दुःखांपैकी कोणतं मोठं, ते मला पहिले काही दिवस नीट ठरवता आलं नाही. मला ते घर घ्यायचं नव्हतं, परवडणारंही नव्हतं. पण जेवताना रोज तोच विषय काढायचो. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला नको होतं ना ते? मग?" मी म्हटलं, "विचारायचं तरी." आणि हातातला घास तसाच राहिला.

मी ठरवलं, दोघांना जाऊन सांगायचं. आधी हमीद साहेबांकडे गेलो, कारण ते जवळ पडतात. सद्सद्विवेकालासुद्धा पेट्रोल लागतंच. ते त्याच घरात होते. शेजारी टाइल्सवाल्याच्या काचेत गुलाबी वॉशबेसिनं मांडलेली. हमीद साहेब थकले होते. लोक आता मोबाईलमध्ये वेळ बघतात, त्यामुळे समोर कामही फारसं नव्हतं. मी सगळं सांगितलं. बालूशाही, चहा, गुडघे, सगळं.

त्यांनी एकच विचारलं. "यानी वसंतराव तुमकू भेजे थे. पूछने कू."

"हौ, साहब."

त्यांनी बुजवलेल्या दाराकडे बघितलं. तिथल्या गिलाव्याचा रंग अजून वेगळा दिसत होता. रागावतील म्हणून मी तयारीत होतो. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. शिव्या खाल्ल्या की माणूस हलका होतो. त्यांनी ते सुख मला दिलं नाही. टोपी डोक्यावर ठेवत उठले. "चलो."

"कुठे?"

"कुकटपल्ली. तुमकू घर मालूम है ना? तुमीच बेचे."

आम्ही माझ्या मोटारीनं निघालो. रांगेच्या कोपऱ्यावर पेरूची गाडी दिसली. पेरूला आम्ही हैदराबादकर जाम म्हणतो. खाली हात जाना नको, म्हणून हमीद साहेब उतरले आणि एकेक जाम दाबून बघू लागले. मला म्हणाले, तुम चलो आगे. घड्याळजीच तो, जाम निवडायलाही वेळ लावणार.

म्हणून मला काकांजवळ एकट्यानं बसायला थोडा वेळ मिळाला. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. "काका, मी तेव्हा हमीद साहेबांना विचारलंच नव्हतं. खोटं बोललो."

काका वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते नीट घडी करून बाजूला ठेवलं. "माहीत आहे की."

"माहीत आहे म्हणजे?"

"अरे, तू विचारणार नाहीस म्हणून तर तुला पाठवलं. दुसरा कुणी विचारून आला असता."

मला काही समजेना. काका नेहमीच्या सावकाशीनं बोलत राहिले, पण त्या दिवशी ते माझ्याशी सगळ्या आयुष्यात बोलले असतील त्यापेक्षा जास्त वाक्यं बोलले. हमीद भाईंच्या मुलीचं लग्न होतं. दुकान कसंबसं चाललेलं. रिवाजानं विचारलं असतं तर तो माणूस भिडेपोटी, इज्जतीपोटी हो म्हणाला असता आणि पोरीचे दागिने मोडून ती भिंत घेतली असती. आणि न विचारता विकावं, तर काकूंनी घरात राहू दिलं नसतं. म्हणून असा माणूस पाठवायचा होता, जो जाईल पण विचारणार नाही. काकूंच्या दृष्टीनं विचारलं गेलं, हमीद भाईंच्या दृष्टीनं विचारलं गेलं नाही.

"मग ते तुमच्यावर रागावले त्याचं काय?"

"रागावला, पण पोरीचं लग्न थाटात झालं ना? मला आमंत्रण नव्हतं," काका म्हणाले. "ऐकलं मी."

मी ज्या पापाचं ओझं घेऊन आलो होतो, ते पाप नव्हतंच. मला दिलेलं काम होतं, आणि मी ते चोख केलं होतं. माझ्या अप्रामाणिकपणावर एका सज्जन माणसानं डोळे मिटून भरवसा ठेवला होता. धंद्यात एवढी मोठी शिफारस मला कुणी दिली नाही.

मग काकांना एकदम शंका आली. "हमीद भाईंना नाही ना सांगितलंस हे?"

"सांगितलं, काका. आत्ताच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "अरे गाढवा. एवढं एक काम तू नीट केलं होतंस."

"आणि ते कोपऱ्यावर आहेत. जाम घेतायत."

काका उठायला बघत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. कमलाकाकू आतून आल्या आणि दारात हमीद साहेबांना बघून डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत राहिल्या. हमीद साहेबांनी पिशवी टीपॉयवर ठेवली. बसले नाहीत.

"वसंतराव, आप पुछवाए थे, मेरेकू आज मालूम हुआ. जवाब मेरे ऊपर बाकी है."

"जाने दो, हमीद भाई. क्या जवाब अब."

"नईं, सुन लो. नईं ले सकता था मैं. कुच नईं था मेरे पास. पूछते तो बोल देता, भाई, मेरे बस का नईं, खुशी से बेचो."

काका अगदी हळू म्हणाले, "मेरेकू लगा, आप हां बोल देते."

"कैकू बोलता हां? पागल हूं मैं? बेटी की शादी सर पे थी." हमीद साहेब आता बसले. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मेरेकू घर नक्को था. पूछना होना था, बस."

दोन समजूतदार माणसांनी एकमेकांची इज्जत राखायला किती संध्याकाळी खर्च केल्या, याचा हिशोब तिथे कुणाला मांडायचा नव्हता. काका जाम हातात घेऊन उगाच फिरवत होते. काकू म्हणाल्या, चहा टाकते, आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे बघून मी माझ्या चपलांकडे बघितलं.

पलीकडच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढली. ती जणू आमच्याच खोलीत ओढली, इतकं स्वच्छ ऐकू आलं. हमीद साहेबांनी मान वळवली. "उधर कौन रहते?"

काकांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी भिंतीकडे. शेवटी काकू म्हणाल्या, "त्यांची गाडी पांढरी आहे."

हमीद साहेबांनी पिशवीतून दोन चांगले जाम काढून माझ्या हातात दिले. "माधव मियाँ, ये देके आओ. बोलो, इधर चाय हो रई, आते क्या, पूछो."

"त्याला नका पाठवू," काका म्हणाले. "तो विचारत नाही." आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

मी गेलो. घंटा वाजवली. एका बाईंनी दार अर्धवट उघडलं. मला पाहताच ओळखलं, कारण त्यांनाही ते घर मीच विकलं होतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तेलुगूत सांगून टाकलं, की आम्हाला घर विकायचं नाही.

मी म्हटलं, घराबद्दल नाही. जाम पुढे केले आणि विचारलं. त्या नुसत्याच जामांकडे बघत राहिल्या, म्हणून पुन्हा एकदा विचारलं.